पाच शिलिंग ते दोनशे पौंड : लंडनमधील दुकानचोरी, लोकमानस आणि 'मॉल फ्लँडर्स'

प्रास्ताविक

डॅनियल डीफोची 'मॉल फ्लँडर्स' ही कादंबरी १७२२ साली लंडन येथे प्रसिद्ध झाली. आपल्याकडील विद्यापीठांच्या इंग्रजी अभ्यासक्रमात ती प्रायः कादंबरी या वाङ्मयप्रकाराच्या उदयाचा एक टप्पा म्हणून शिकविली जाते. डोरोथी व्हॅन गेंट यांनी १९५३ मध्ये या कादंबरीतील उपरोध हा तिच्या रचनेचा कणा मानला, तर इयान वॉट यांनी १९५७ मध्ये 'द राइज ऑफ द नॉव्हेल' या ग्रंथात हा उपरोध लेखकाने हेतुपूर्वक योजलेला नाही असे मत मांडले. त्यानंतरची बरीचशी चर्चा मॉलचा पश्चात्ताप खरा की दिखाऊ, या एका प्रश्नाभोवती फिरत राहिली. कादंबरीच्या उत्तरार्धात मॉल प्रत्यक्ष काय करते, म्हणजे लंडनच्या दुकानांतून, गल्ल्यांतून, घरांतून माल कसा उचलते, याकडे कथानकाचा तपशील म्हणून पाहिले गेले. प्रस्तुत लेखात हाच तपशील मध्यभागी ठेवून कादंबरी वाचावयाची आहे.

तसे करण्यास एक तात्कालिक कारणही आहे. इंग्लंड व वेल्समधील पोलिसांनी २०२४ या वर्षात दुकानचोरीचे ५,१६,९७१ गुन्हे नोंदविले. आदल्या वर्षापेक्षा हा आकडा २० टक्क्यांनी अधिक होता आणि सध्याची नोंदणीपद्धत अमलात आल्यापासूनचा तो तोवरचा उच्चांक होता. लंडन शहरातील वाढ या सरासरीच्या बरीच पुढे होती. याच सुमारास ब्रिटिश रिटेल कन्सॉर्शियम या व्यापारी संघटनेने सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या बारा महिन्यांत दुकानचोरीच्या सुमारे २ कोटी ४ लाख घटना घडल्याचा आणि त्यांत २२० कोटी पौंडांचे नुकसान झाल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. संघटनेचा हितसंबंध लक्षात घेऊन हा दुसरा आकडा सावधपणे वापरला पाहिजे, हे खरे. तथापि दोन्ही आकड्यांतील अंतर एवढे प्रचंड आहे की त्यातून एक गोष्ट निःसंशय दिसते : ज्याचा माल गेला तोही बहुतेक वेळा पोलिसांकडे जात नाही. दुकानचोरीविषयी समाजाची म्हणून जी वृत्ती सांगितली जाते, तिच्यात दुकानदाराच्या या मौनाचाही समावेश केला पाहिजे.

या वाढीबरोबर लंडनच्या वृत्तपत्रांत, संसदेत आणि नित्याच्या संभाषणात जो वाद उभा राहिला त्याच्या दोन बाजू सर्वपरिचित आहेत. एका बाजूस धाक उरला नाही ही तक्रार, दुसऱ्या बाजूस महागाईने गांजलेल्यांविषयीची कणव. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनमधील अन्नधान्याची भाववाढ १९ टक्क्यांवर गेली होती, हे ध्यानात घेता दुसरी बाजू पोकळ म्हणता येत नाही. या दोन बाजू म्हणजे दोन भिन्न प्रकारची माणसे, असे मात्र सर्वत्र गृहीत धरले जाते. डीफोची कादंबरी आणि तिच्यामागील लंडन शहराचा इतिहास या गृहीतकाला छेद देतो. कठोरपणा आणि दया या दोन्ही वृत्ती एकाच नागरिकाच्या ठायी नांदतात. त्यांपैकी कोणती कधी वर येते, हे तो गल्ल्यापासून किती अंतरावर उभा आहे यावर पुष्कळ अंशी ठरते.

शब्दाचा प्रश्न

नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या उमराव सभेच्या न्याय व गृहव्यवहार समितीने सरकारला एक शिफारस केली. 'शॉपलिफ्टिंग' हा शब्दच हळूहळू वापरातून काढावा, कारण त्याने गुन्ह्याचे गांभीर्य कमी होते, अशी ती शिफारस होती. शब्द बदलल्याने चोरी थांबेल असे कोणी म्हणणार नाही. पण समितीचे निरीक्षण भाषेच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारे आहे. 'लिफ्ट' म्हणजे उचलणे. एलिझाबेथच्या काळात रॉबर्ट ग्रीन याने लंडनच्या ठकांविषयी ज्या पुस्तिका लिहिल्या त्यांत दुकानातील माल लांबविण्याच्या कलेस 'लिफ्टिंग लॉ' असे नाव आहे. सतराव्या शतकात 'शॉपलिफ्ट' हा शब्द कृतीला नव्हे, तर ती करणाऱ्या व्यक्तीला लावला जात असे. पुढे व्यक्ती मागे पडली आणि कृती उरली. एखाद्या चोराला ओळखता न येणे, आणि म्हणून त्याचा राग न येणे, याची सोय जणू भाषेनेच करून ठेवली.

मराठी वाचकाला येथे वेगळीच गोष्ट आठवेल. आपल्याकडेही 'उचलणे' या क्रियापदावरूनच शब्द घडला, परंतु तो कृतीवरून व्यक्तीकडे आणि व्यक्तीवरून संपूर्ण जमातीकडे गेला. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या १९८७ सालच्या आत्मकथनाचे शीर्षकच त्याची साक्ष आहे. ज्या इंग्रजी राजवटीने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मानेच माणसांना चोर ठरविले, त्याच इंग्रजांच्या राजधानीत त्याच कृतीचे नाव निर्गुण, जवळजवळ खेळकर बनत गेले. ही तुलना लांबविण्याचे हे स्थळ नव्हे; मात्र चोरीविषयीची समाजाची वृत्ती चोरीच्या आकाराने ठरते या समजुतीला ती पुरेसा धक्का देते.

पाच शिलिंगांचा कायदा

दुकानचोरी वाढली आहे ही लंडनच्या व्यापाऱ्यांची तक्रार नवी नाही. १६९९ मध्ये लंडनच्या व्यापारी व दुकानदारांच्या वतीने एक छापील गाऱ्हाणे प्रसृत झाले. दुकाने आणि वखारींतून माल चोरीस जाण्याचे प्रमाण कुप्रसिद्ध म्हणावे इतके वाढले आहे, हा त्याचा विषय. त्याच वर्षी संसदेने जो कायदा केला त्यानुसार दुकानातून ५ शिलिंग वा त्याहून अधिक किमतीचा माल कोणाच्या नकळत चोरणे हा देहान्त शिक्षेचा गुन्हा ठरला. याच कायद्याने काही किरकोळ चोरांच्या गालावर, नाकाजवळ डाग देण्याची तरतूद केली. डाग दिलेल्या माणसास कोणी कामावर ठेवीना, म्हणून तो पुन्हा चोरीच करी. काही वर्षांतच हा प्रकार बंद करावा लागला. चोर पकडून त्याला शिक्षा होईपर्यंत पाठपुरावा करणाऱ्यास एक प्रमाणपत्र मिळे, ज्यायोगे त्याला परगण्यातील विनावेतन सार्वजनिक कामांतून सूट मिळत असे. लोक त्याला 'टायबर्न तिकीट' म्हणत, कारण टायबर्न हे फाशी देण्याचे ठिकाण होते. ही तिकिटे विकलीही जात.

कायदा व्यापाऱ्यांनी मागितला आणि संसदेने दिला. तो राबविण्याची वेळ आली तेव्हा मात्र निराळेच घडले. ओल्ड बेली न्यायालयातील ज्युरी, म्हणजे बहुतांशी लंडनमधील दुकानदार आणि कारागीरच, चोरीस गेलेल्या मालाची किंमत ४ शिलिंग १० पेन्स ठरवू लागले. समोरच्या मेजावर ठेवलेला माल कितीही महाग असो, निकालपत्रात त्याची किंमत ५ शिलिंगांच्या आत उतरे आणि आरोपीची मान सुटे. माल नकळत चोरला गेला नाही, कोणीतरी पाहिले होते, असा निष्कर्ष काढणे ही दुसरी पळवाट. विख्यात कायदेपंडित ब्लॅकस्टोन याने अशा निकालांना पुण्यशील असत्य म्हटले आहे. शेली टिकेल यांचा अठराव्या शतकातील इंग्लंडमधील दुकानचोरीवरील २०१८ चा ग्रंथ आणखी एक गोष्ट पुढे आणतो : पुष्कळ दुकानदार चोर हाती लागूनही फिर्याद करण्याच्या फंदात पडत नसत. माल परत मिळाला की पुरे. फिर्यादीचा खर्च, बुडालेला दिवस, आणि गिऱ्हाइकांत होणारी चर्चा यांचा हिशेब त्यांना चांगला करता येत असे.

दया ही अशी प्रकरणागणिक येई आणि प्रकरणागणिक नाहीशीही होई. १७७१ साली मेरी जोन्स नावाच्या तरुण स्त्रीला लडगेट हिलवरील दुकानातून कापड उचलल्याबद्दल फाशी देण्यात आले. तिच्या नवऱ्याला नौदलाने सक्तीने भरती करून नेले होते आणि तिच्या अंगावर पिते मूल होते. १७७७ साली सर विल्यम मेरेडिथ यांनी संसदेत तिची हकीकत सांगितली आणि त्या भागातील दुकानदारांचे समाधान व्हावे म्हणून ही स्त्री लटकवली गेली, असा स्पष्ट ठपका ठेवला. डिकन्सने 'बार्नबी रज'च्या प्रस्तावनेत याच प्रकरणाचा आधार घेतला. लडगेट भागात त्या वेळी चोऱ्या वाढल्या होत्या. एक उदाहरण घालून देणे आवश्यक वाटले. ५ शिलिंगांच्या आत किंमत उतरवणारे आणि उदाहरण घालून देणारे हे दोन्ही एकाच शहराचे, एकाच थरातील नागरिक होते.

१८१० साली सॅम्युअल रोमिली यांनी ही शिक्षा रद्द करण्यासाठी आणलेले विधेयक लोकसभागृहाने संमत केले, परंतु उमरावांनी फेटाळले. फेटाळणाऱ्यांत सात बिशपही होते. पुढे १८२० च्या दशकात हा कायदा अखेर निकालात निघाला. न वापरला जाणारा कायदा रद्द करण्यास एवढा विरोध का व्हावा, याचे उत्तर कदाचित याच दुटप्पीपणात आहे. धाक ग्रंथात असावा आणि दया न्यायालयात, ही व्यवस्था पुष्कळांना सोयीची होती.

मॉलची बाजू

डीफोला या दोन्ही बाजू आतून ठाऊक होत्या, ही गोष्ट समीक्षेत पुरेशी वापरली गेलेली नाही. तो स्वतः मोजे आणि विणलेल्या कपड्यांचा व्यापारी होता. १६९२ साली सुमारे १७,००० पौंडांच्या कर्जाखाली त्याचे दिवाळे निघाले. १७०३ साली एका राजकीय पुस्तिकेबद्दल त्याने न्यूगेट तुरुंग पाहिला आणि भर चौकात खोड्यात उभे राहण्याची शिक्षाही भोगली. 'मॉल फ्लँडर्स'नंतर तीन-चार वर्षांनीच त्याने 'द कम्प्लीट इंग्लिश ट्रेड्समन' हा ग्रंथ लिहिला. त्यात माल उलथापालथा करून काहीच न घेता निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकापुढेही दुकानदाराने संयम कसा राखावा याचे विवेचन आहे. गल्ल्यामागे उभे राहणे आणि गजांमागे बसणे हे दोन्ही अनुभव असलेला लेखक दुकानचोरीची कथा लिहितो, तेव्हा तिच्यात साधा उपदेश शोधणे व्यर्थ ठरते.

कादंबरीचा आरंभच कापडाच्या चोरीने होतो. मॉलची आई चीपसाइडच्या एका कापडवाल्याकडून तलम हॉलंड कापडाचे तीन तुकडे उचलते, गर्भवती असल्याने फाशीतून वाचते आणि पुढे व्हर्जिनियात हद्दपार होते. मॉल या चोरीचा उल्लेख, नाव घेण्याजोगीही नव्हे अशी क्षुल्लक गोष्ट म्हणून करते. येथे कालगणनेची एक अडचण आहे. कादंबरीच्या अखेरीस निवेदन १६८३ साली लिहिल्याचे नोंदले आहे, म्हणजे मॉलच्या साऱ्या चोऱ्या १६९९ च्या कायद्यापूर्वीच्या ठरतात. तथापि १७२२ चा वाचक त्या कायद्याच्या छायेतच वाचत होता आणि डीफोनेही त्याच्याच मनाशी संवाद साधला आहे. इतिहासकार जे. एम. बीटी यांच्या अभ्यासावरून दिसते की सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी लंडनमध्ये मालमत्तेच्या गुन्ह्यांत स्त्री आरोपींचे प्रमाण एरवी कधी नसेल इतके मोठे होते. मॉल ही त्या वाचकाच्या दृष्टीने अपवाद नव्हती.

मॉल चोरीकडे वळते ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर, वैधव्य आणि दोन वर्षांच्या ओढगस्तीनंतर. लेडनहॉल स्ट्रीटवरील औषधाच्या दुकानात एका स्टुलावर पांढऱ्या कापडाचे गाठोडे पडलेले तिला दिसते. एक मोलकरीण त्याच्याकडे पाठ करून उभी आहे. दुकानातील उमेदवार मुलगा हाती मेणबत्ती घेऊन वरच्या फळीवर काही शोधतो आहे. गाठोड्यात बाळंतिणीचे कपडे, चांदीची वाटी, पेला, सहा चमचे आणि १८ शिलिंग ६ पेन्स निघतात. त्यानंतर तीनचार दिवस मॉलला चैन पडत नाही : हे गाठोडे आपल्यासारख्याच एखाद्या गरीब विधवेचे असेल तर? ही करुणा खरी आहे. मात्र तिची दिशा पाहण्याजोगी आहे. मॉलला काल्पनिक विधवा दिसते, पण जिच्या पाठीमागून गाठोडे गेले आणि जिला घरी जाऊन त्याचा जाब द्यावा लागणार, ती प्रत्यक्षातील मोलकरीण तिच्या मनात येत नाही. वाचकाच्याही येत नाही. निवेदन प्रथमपुरुषी असल्याचा हा परिणाम आहे आणि डीफोचे कसब असे की तो आपल्याला तो जाणवू देत नाही.

दुसऱ्या चोरीत मॉल एका लहान मुलीच्या गळ्यातील सोन्याची माळ काढून घेते. क्षणभर त्या मुलीला मारून टाकण्याचा विचारही तिच्या मनाला शिवून जातो. नंतर ती स्वतःचे समाधान करते ते असे की, अशा पोरीला एकटी पाठविणाऱ्या बेफिकीर आईबापांना आपण धडाच शिकविला. पुढे तिच्यापाशी ७०० पौंड रोख जमतात, गरज संपते, चोरी संपत नाही. दारिद्र्य हे आरंभाचे स्पष्टीकरण आहे, सातत्याचे नव्हे, हे कादंबरी लपवीत नाही. आजच्या वादात दोन्ही पक्ष या दोहोंपैकी एकच अर्धे वाक्य वाचतात.

लोकमानसाच्या दृष्टीने कादंबरीतील सर्वांत मोलाचा प्रसंग मात्र मॉल निर्दोष असतानाचा आहे. विधवेच्या वेषात ती रस्त्याने जात असता एका रेशीमविक्रेत्याची माणसे तिला चोर समजून पकडतात. खरी चोरटी दुसरी असते आणि तीही विधवेच्याच वेषात. ती हाती लागते, तेव्हा मॉल मोबदल्याचा आग्रह धरते. तिच्याशी उर्मटपणे वागलेल्या नोकराला न्यायाधीशाकडे नेले जात असता रस्त्यावरचा जमाव, त्यातही विशेषतः बायका, रेशीमवाला कोण म्हणून विचारतात आणि त्याच्यावर चिखल फेकतात. अखेर व्यापाऱ्याला १५० पौंड, एक काळा रेशमी पोशाख आणि वकिलाचा खर्च भरून तडजोड करावी लागते. जमाव येथे घटनेपुरता बरोबर आहे. माणसापुरता साफ चुकला आहे. त्याला मॉल माहीत नाही. त्याला एक पैसेवाला दुकानदार आणि एक प्रतिष्ठित दिसणारी विधवा दिसते. त्याच जमावातील एखादीच्या दुकानातून उद्या चार वार कापड गेले तर तिचे बोलणे काय असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

दोनशे पौंड

तीनशे वर्षांनंतरच्या लंडनमध्येही कायद्यातील एक आकडा लोकांच्या तोंडी बसला. २०१४ च्या एका कायद्याने २०० पौंडांपर्यंतच्या दुकानचोरीचे खटले कनिष्ठ न्यायालयात चालविण्याची तरतूद केली. हेतू न्यायालयीन कामाच्या वाटपाचा होता. चोरी ही चोरीच राहिली आणि आरोपीने मागणी केल्यास वरिष्ठ न्यायालयाचा मार्गही खुला राहिला. परंतु पोलिसांचे अपुरे बळ आणि न येणारी गस्त यांचा अनुभव घेतलेल्या दुकानदारांत, आणि ज्यांना त्याचा लाभ झाला त्यांच्यातही, २०० पौंडांपर्यंत काही होत नाही, असे त्याचे लोकभाषेतील रूपांतर झाले. पूर्वी ज्युरी किंमत उतरवून आरोपीस सीमेच्या आत आणीत. आता सीमाच वर गेल्याची समजूत झाली. २०२५ मध्ये सरकारने मांडलेल्या गुन्हे व पोलीस विधेयकात हे कलम रद्द करण्याचे योजले गेले. दुकानातील कर्मचाऱ्यावरील हल्ला हा स्वतंत्र गुन्हा मानण्याची तरतूदही त्याच विधेयकात होती. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने ही दुसरी तरतूद अधिक महत्त्वाची आहे.

मॉलच्या युक्तिवादांचे प्रतिध्वनी तर अनपेक्षित ठिकाणी उमटले. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरचे अध्यक्ष आर्ची नॉर्मन यांनी मध्यमवर्गीय गिऱ्हाइकांच्या मनःस्थितीचे वर्णन केले. यंत्र माल नीट वाचत नाही, मी तर येथला नेहमीचा गिऱ्हाईक, तेव्हा एवढे माझे देणे लागतेच, असा त्या वर्णनाचा आशय होता. ज्या कंपन्यांनी गल्ल्यावरची माणसे कमी करून ती यंत्रे बसविली आणि पगार वाचविले, त्यांच्यापैकीच एकीच्या प्रमुखाने हे सांगावे यातील विसंगती सोडून देऊ; निरीक्षण मात्र अचूक आहे. लंडनच्या सिटी विद्यापीठातील गुन्हेशास्त्रज्ञ एमिलीन टेलर यांनी २०१६ मध्येच अशा सभ्य, एरवी प्रामाणिक आणि नियमित चोरी करणाऱ्या गिऱ्हाइकांचा स्वतंत्र वर्ग कल्पून त्याला 'स्वायपर्स' असे नाव दिले होते. टोमॅटोच्या भावात महाग फळ वजन करणारी ही व्यक्ती स्वतःला चोर म्हणणार नाही, आणि दुधाच्या भुकटीचा डबा कोटाखाली लपविणाऱ्या बाईविषयी बोलताना तिचा स्वर बहुधा कडक असेल.

ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन पोलीस राज्यमंत्री डायना जॉन्सन यांनी काही दुकाने महाग वस्तू प्रवेशद्वाराजवळच मांडतात आणि त्यामुळे चोरांचे फावते, अशा अर्थाचे विधान केले. सोन्याची माळ घालून मुलीला एकटी सोडणाऱ्या आईबापांवर मॉल जो ठपका ठेवते, तोच येथे राज्यकर्त्यांच्या मुखी आला. प्रतिबंधक उपाय म्हणून सल्ला चुकीचा नसेलही. पण खुली मांडणी हा आधुनिक दुकानाचा प्राण आहे आणि ग्राहकाचा हात मालाला लागावा यासाठीच ती असते, हे मंत्र्यांना ठाऊक नसेल असे नाही. त्याच महिन्यात आइसलँड या किराणा दुकानांच्या साखळीने चोराची माहिती कर्मचाऱ्यास देणाऱ्या ग्राहकाच्या सवलतपत्रावर १ पौंड जमा करण्याची योजना जाहीर केली. टायबर्न तिकिटाच्या मानाने बक्षीस फारच लहान आहे. तथापि तत्त्व तेच : नागरिकाला आपोआप राग येत नाही, तेव्हा तो विकत घ्यावा.

मोठ्या साखळ्या आपल्या कर्मचाऱ्यांना चोराला अडवू नका असे सांगतात. जीव महत्त्वाचा, माल नव्हे. ही सूचना योग्यच आहे. परंतु ती पाळणाऱ्या माणसाला दररोज काय पाहावे लागते याचा विचार त्या सूचनेत नसतो. वर उल्लेखिलेल्या व्यापारी संघटनेच्या त्याच अहवालानुसार दुकानांतील कर्मचाऱ्यांना शिवीगाळ, धमकी वा मारहाण होण्याच्या दिवसाला २,००० हून अधिक घटना घडत होत्या. लहान दुकानांची स्थिती आणखी वेगळी. लंडनच्या कोपऱ्याकोपऱ्यावरील अनेक दुकाने १९७० च्या दशकापासून पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभी केली, चालविली. तेथे पहारेकरी नसतो. गल्ल्यावर बहुधा घरचेच कोणी असते. मोठ्या कंपनीचे थोडे गेले तर काय बिघडते, हा दयेचा युक्तिवाद तेथे लागू पडत नाही. तो करणारा बहुधा त्या दुकानात जातही नाही.

दोन मोलकरणी

मॉल अखेर पकडली जाते तो प्रसंग या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचला पाहिजे. उघड्या दारातून ती आत शिरते आणि वेलबुट्टीच्या रेशमाचे दोन तुकडे उचलते. दोन मोलकरणी तिला दारातच धरतात. ते दुकान नव्हे, विणकरांचा माल व्यापाऱ्यांना विकून देणाऱ्या एका अडत्याचे घर आहे. आपण खरेदीस आलो होतो असे मॉल न्यायालयात सांगते तेव्हा त्याची थट्टा होते, कारण तेथे विक्री होतच नसते. मालाची किंमत ४६ पौंड लावली जाते. येथे ४ शिलिंग १० पेन्सांचा मार्ग कोणी काढीत नाही.

मालकिणीला मॉलची दया येते. ती तिला सोडून द्यावयास तयार होते आणि नवऱ्याचेही मन जवळजवळ वळविते. परंतु तोवर एक मोलकरीण कोणी न सांगताच कॉन्स्टेबलला घेऊन येते. आता सोडले तर आपणच अडचणीत येऊ, असे मालक म्हणतो. पुढे मॉलची साथीदार, चोरीचा माल घेणारी 'गव्हर्नेस', त्या मोलकरणीला साक्ष देऊ नये म्हणून १०० पौंड देऊ करते. तिला वर्षाला पगार सुमारे ३ पौंड आहे. म्हणजे तेहतीस वर्षांची कमाई एका वेळी. ती नाकारते. ५०० दिले असते तरी नाकारले असते, असे गव्हर्नेसचे मत पडते. दुसरी मोलकरीण थोडी मऊ आहे, पण पहिली तिला ढळू देत नाही.

मॉलच्या निवेदनात ही मुलगी उद्धट, दुष्ट अशीच येते आणि बहुसंख्य वाचक हे वर्णन तसेच स्वीकारतात. समीक्षेने उपरोध शोधताना मॉलचा पश्चात्ताप तपासला, धर्म तपासला, हिशेब तपासले. या मुलीच्या हट्टाला कारण असेल असे फारसे मानले नाही. कारण कादंबरीतच आहे, मात्र ते पुष्कळ पाने मागे, लेडनहॉल स्ट्रीटवरील त्या दुकानात पाठ फिरवून उभे आहे. घरातून ४६ पौंडांचे रेशीम नाहीसे झाले असते तर संशय प्रथम कोणावर गेला असता? १७१३ च्या कायद्याने राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी हाही देहान्ताचा गुन्हा ठरविला होता, आणि डीफोच्या वाचकांच्या घरी नोकरचाकर होते. मालकिणीला क्षमा परवडत होती, कारण नुकसान झाले असते तर ते तिच्या मालाचे. मोलकरणीचा चांगुलपणाचा दाखला, म्हणजे तिची पुढली नोकरी, त्या क्षमेत खर्ची पडणार होती. मॉलला घरफोडीच्या आरोपातून मुक्त केले जाते, चोरीबद्दल मृत्युदंड होतो, आणि धर्मोपदेशकाच्या खटपटीने त्याचे हद्दपारीत रूपांतर होते. व्हर्जिनियात ती श्रीमंत होते. त्या मुलीचे नाव डीफोने दिलेले नाही आणि खटल्यानंतर ती त्याच घरी कामावर राहिली की नाही, हेही कादंबरी सांगत नाही.